फोन किती वाजता केला, गाडी किती वाजता आली

अम्मा मोरीत पडली ती रात्र मला बारीकसारीक गोष्टींसकट आठवते. पण जी एक गोष्ट कागदावर हवी होती, तीच माझ्याकडे नव्हती.

सोलापूरच्या साखर पेठेत आमचं घर बोळाच्या अगदी टोकाला. अम्माचा डावा हात लुळा पडला होता, तोंड वाकडं झालं होतं, आणि ती तेलुगूत एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. शेजारच्या पोराने त्याच्या मोबाइलवरून रुग्णवाहिकेला फोन लावला. गाडी आली, पण बोळात शिरेना. स्ट्रेचर वळणावर अडलं. मग घरातली जुनी जाड चादर काढली, आमच्याच मागावर विणलेली. चौघांनी चार कोपरे धरले आणि अम्माला रस्त्यापर्यंत आणलं. पहिल्या दवाखान्याने दुसरीकडे पाठवलं, तिथे जायला पुन्हा गाडीची वाट बघितली. पक्षाघातात गाठ विरघळवणारं इंजेक्शन झटका आल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. आम्ही योग्य जागी पोचलो तेव्हा तो वेळ टळला होता. पुढची तीन वर्षं अम्मा अंथरुणावर होती.

मी तक्रार केली. कुणाकडे आणि कुठल्या गाडीबद्दल, ते इथे लिहीत नाही. समोरच्या माणसाने शांतपणे विचारलं, "ताई, फोन किती वाजता केला?" मी म्हणाले, पावणेदोनच्या सुमारास. "गाडी किती वाजता आली?" अडीच-पावणेतीन झाले असतील. त्याने नोंदवही उघडून दाखवली. तिथे मिनिटासकट वेळ लिहिलेली होती, आणि त्या वेळेप्रमाणे गाडी अगदी वेळेवर आली होती. माझ्याकडे होता फक्त "सुमारास" हा शब्द. पोराने तोवर मोबाइल बदलला होता. विषय तिथेच मिटला.

मी एकतीस वर्षं महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात नोकरी केली. सभा किती वाजता सुरू झाली, कोरमसाठी किती मिनिटं थांबली, किती वाजता तहकूब झाली, हे इतिवृत्तात लिहिणं माझं रोजचं काम होतं. कागदावरच्या वेळेची ताकद मला कळत होती, म्हणूनच ती गोष्ट जास्त लागली. निवृत्तीनंतर मी एवढंच काम करते. लोकांना रुग्णवाहिकेचा आणि म्हाताऱ्या माणसांच्या सेवेचा हिशेब मागायला शिकवते. आमच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या आणि मागावर आयुष्य घालवलेल्या बायका आता सत्तरी ओलांडून घरात पडून आहेत. त्यांच्यासाठी हिशेब मागायला दुसरं कोण येणार?

आधी दार ओळखा

चुकीच्या दारात दिलेला अर्ज महिनाभर फिरतो आणि "आमच्याकडे संबंधित नाही" असा शेरा घेऊन परत येतो. म्हणून गाडी कुणाची होती हे सगळ्यात आधी शोधा.

१०८ ही राज्य सरकारची सेवा. २०१४ साली सुरू झाली तेव्हा राज्यभर ९३७ गाड्या होत्या. त्यांतल्या २३३ अतिदक्षतेच्या सोयीच्या, म्हणजे व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या, आणि ७०४ साध्या जीवरक्षक. गाडीत डॉक्टर असतो आणि रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. सेवा ठेकेदारामार्फत चालते, पण जबाबदारी सार्वजनिक आरोग्य विभागाची. आपल्या जिल्ह्यात त्याबद्दल विचारायचं ते जिल्हा शल्यचिकित्सकांना.

१०२ ची गाडी गरोदर बाया, बाळंतिणी आणि तान्ह्या बाळांसाठी. ती सरकारी दवाखान्यांची आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांची असते. ग्रामीण भागात त्यासाठी जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी. महापालिकेच्या स्वतःच्या गाड्या असतील त्यांच्यासाठी महापालिकेचे आरोग्य अधिकारी. आणि सिव्हिल, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, हे महापालिकेचंही नाही आणि जिल्हा परिषदेचंही नाही. ते वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं, त्यामुळे तिथला अर्ज अधिष्ठात्यांच्या नावाने जातो. हे आपल्याकडे निम्म्या लोकांना माहीत नसतं. लोक सिव्हिलच्या तक्रारी घेऊन नगरसेवकाकडे जातात, तो फोन करतो, आणि लोकांना वाटतं काम झालं. कागद मात्र कुठेच तयार होत नाही.

खाजगी गाडीवाल्याने जास्त पैसे उकळले असतील तर आरटीओ. रुग्णवाहिकांचे दर जिल्ह्याचं प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवतं. ती दरपत्रकाची प्रत आरटीओतून एकदा घेऊन ठेवा आणि फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका. रात्री तीन वाजता कायदा सांगण्यापेक्षा दरपत्रक दाखवणं सोपं जातं.

हद्दीचाही घोळ होतो. हैदराबाद रोडवरचं जुनं विडी घरकुल शहरात येतं. कुंभारीजवळची गोदूताई परुळेकर वसाहत आणि रे नगर मात्र दक्षिण सोलापूर तालुक्यात. दोन्हीकडे आपलीच माणसं, एकाच कारखान्याच्या विड्या वळणारी. पण इकडची महापालिकेला विचारणार आणि तिकडची ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला. रे नगरमध्ये राहायला गेलेल्या कित्येक जणी अजूनही जुन्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे अर्ज देतात.

वही

शंभर पानी साधी वही घ्या. पेन दोऱ्याने बांधून ती खिळ्याला अडकवा, दाराजवळ. घाईच्या वेळी घरातलं शाळकरी पोरही लिहू शकेल असे रकाने आधीच आखून ठेवा: कुठल्या नंबरला फोन केला, कुणाच्या मोबाइलवरून, किती वाजून किती मिनिटांनी. गाडी रस्त्यावर कधी आली. गाडीचा नंबर. डॉक्टर होता का. ऑक्सिजन लागला का, आणि लागला तर सिलिंडर भरलेलं होतं का. दवाखान्याच्या दारात कधी पोचलो. रुग्णाला आत कधी घेतलं. पुढे दुसरीकडे पाठवलं असेल तर पुन्हा पहिल्यापासून.

मोबाइलच्या कॉलयादीचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा आणि दुसऱ्या एखाद्या मोबाइलवर पाठवून ठेवा. मोबाइल बदलला की यादी जाते, हे मी अनुभवलं आहे. गाडी आल्यावर तिचा फोटो काढला तर त्यात वेळही राहते. एकच फोटो, लांबून, नंबर दिसेल असा. गाडीतल्या माणसांच्या तोंडासमोर मोबाइल धरून व्हिडिओ काढू नका. ती माणसंही पाळीवर पाळी करत असतात, आणि त्या क्षणी त्यांचं लक्ष रुग्णावर असायला हवं. केसपेपरवर वेळ छापलेली किंवा लिहिलेली असते, तो जपून ठेवा.

वेळेचं माप काय? १०८ सुरू झाली तेव्हापासून शहरात २० मिनिटं आणि ग्रामीण भागात ३० मिनिटं असं माप सांगितलं जातं. तुमच्या वहीतला आकडा त्याच्या शेजारी ठेवता आला पाहिजे. एका गाडीच्या उशिराने काही सिद्ध होत नाही, कारण गाडी दुसऱ्या अपघाताला गेलेली असू शकते. एका प्रभागातल्या पंधरा-वीस घरांच्या वह्या तीन महिन्यांनी एकत्र ठेवल्या की मात्र चित्र दिसायला लागतं. कुठल्या पेठेत उशीर होतो, कुठल्या वेळी होतो, गाडी कुठून येते.

गाडी वेळेवर आली तरीही लिहा. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते. फक्त उशीर लिहिलेल्या वहीवर कुणी विश्वास ठेवत नाही.

माहितीचा अर्ज: एक विषय, दीडशे शब्द

माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. जोडपत्र "अ" चा नमुना, त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडायची. ऑनलाइनही करता येतो. पण आमच्याकडच्या बायकांना मी हातोहात द्यायला लावते, कारण आवक शिक्का आणि पोच हातात पडली की त्यांचा धीर वाढतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती प्रश्नाच्या रचनेत. "रुग्णवाहिका उशिरा का आली?" हा माहितीचा प्रश्न होत नाही. "का" चं उत्तर देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, त्याच्याकडे असलेला कागद देणं आहे. म्हणून कागद मागा. मी वापरते तो मजकूर असा:

विषय: रुग्णवाहिकांच्या लॉगबुकच्या प्रती मिळणेबाबत.
कालावधी: १ एप्रिल ते ३० जून, अमुक वर्ष.
१. आपल्या अखत्यारीतील रुग्णवाहिकांची यादी, वाहन क्रमांक व प्रकारासह.
२. वरील कालावधीतील प्रत्येक वाहनाच्या लॉगबुकच्या प्रती. रुग्णांची नावे व पत्ते झाकून द्याव्यात.
३. प्रत्येक वाहन किती दिवस व कोणत्या कारणाने बंद होते, त्याची नोंद.
४. पाळीनिहाय चालक व डॉक्टरांचे हजेरीपत्रक.
५. ऑक्सिजन सिलिंडर भरल्याच्या नोंदी.

रुग्णांची नावं झाकून द्या, हे आपणच लिहायचं. नाहीतर वैयक्तिक माहितीचं कारण देऊन अख्खा अर्ज नाकारला जाऊ शकतो. आणि आपल्याला कुणाच्या आजाराशी काही देणंघेणं नाही, आपल्याला वेळ हवी आहे.

उत्तराला तीस दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल तर त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. तीस दिवसांत काही आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र "ब", वीस रुपयांचं तिकीट. तिथेही नाही भागलं तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. सोलापूरचं प्रकरण पुणे खंडपीठाकडे जातं आणि तिथे फार वेळ लागतो, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीलाच सगळी तयारी करून जा. तारखा वहीत लिहा. मुदत टळून अपील गेलं की आपली बाजू खरी असूनही आपण मागे पडतो.

"निरंक" असं उत्तर आलं तर थांबू नका. निरंक म्हणजे आकडा शून्य, की नोंदच ठेवलेली नाही? पुढच्या अर्जात ती नोंदवहीच बघायला मागा.

ही बघायची सोय मला प्रतींपेक्षा जास्त आवडते. कायद्याने अभिलेख पाहण्याचा अधिकार आहे, आणि २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हा पातळीपर्यंतच्या कार्यालयांत आणि महापालिकांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ ही वेळ त्यासाठी ठेवलेली आहे. एका ठिकाणी मी असंच एक लॉगबुक मांडीवर घेऊन बसले होते. तारीख, निघाल्याची वेळ, कुठून कुठे, किलोमीटर, परतल्याची वेळ, डिझेल, सही. बोट एकेका ओळीवरून फिरवत गेले. सगळ्या महिन्याची शाई एकच, अक्षराचा झोक एकच. निघाल्याच्या वेळा पाच-पाच मिनिटांच्या हिशेबात: १०.०५, ११.२०, २.१५. किलोमीटरचे आकडे प्रत्येक ओळीत शून्यावर संपलेले. खरं लॉगबुक असं नसतं. खऱ्या लॉगबुकात ४१,३८७ असतं, शाई बदललेली असते, एखाद्या पानावर चहाचा डाग असतो, रात्रपाळीच्या चालकाची सही घाईतली असते. त्या दिवशी मी काहीच बोलले नाही. ओळी वहीत उतरवल्या, प्रती मागितल्या, आणि त्याच महिन्याच्या डिझेलच्या पावत्यांचा वेगळा अर्ज केला. लॉगबुक आणि डिझेल शेजारी ठेवले की खरं-खोटं आपोआप समोर येतं.

सभागृहात प्रश्न कसा जातो

मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ पर्यंत आपल्या महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. त्या काळात प्रश्न विचारायला सभागृह नव्हतं. आता १०२ नगरसेवक आहेत. या वाटेचा उपयोग लोक फार कमी करतात, आणि मला याचंच सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे नगरसेवक महापालिकेच्या कारभाराबद्दल आयुक्तांना लेखी प्रश्न विचारू शकतो. प्रश्न नगरसचिवांकडे सभेच्या किमान सात पूर्ण दिवस आधी द्यावा लागतो. सर्वसाधारण सभा महिन्यातून निदान एकदा व्हायची असते, आणि बहुमताने वेगळं ठरवलं नाही तर ती लोकांना खुली असते. इंद्रभुवनच्या, म्हणजे महापालिकेच्या इमारतीच्या, आवारात आपण अर्ज घेऊन जातो तसं सभा ऐकायलाही जाता येतं. गेल्यावर शांत बसा, वही काढा.

तुमच्या प्रभागात तीन किंवा चार नगरसेवक आहेत. सगळ्यांना भेटा, पक्ष बघू नका. भेटायला जाताना व्हॉट्सॲपवरचा मजकूर नको, एक टाइप केलेला कागद न्या, ज्यावर प्रश्न तयार असेल आणि खाली फक्त सही करायची असेल. नगरसेवक वाईट नसतात, त्यांच्याकडे दिवसाला गटार, पाणी, दिव्यांची पन्नास कामं येतात. तयार प्रश्न मिळाला तर तो विचारला जातो. एकतीस वर्षांत मी पाहिलं ते असं की ज्या प्रश्नाला आकडा मागितलेला असतो त्याला उत्तर येतं, आणि ज्यात भावना असते त्याला "कार्यवाही सुरू आहे" एवढंच येतं.

"रुग्णवाहिका सेवा सक्षम करण्यासाठी प्रशासन काय करत आहे?" याचं उत्तर तुम्हाला आत्ताच माहीत आहे. त्याऐवजी:

"१ एप्रिल ते ३० जून या कालावधीत महापालिकेच्या मालकीच्या किती रुग्णवाहिका वापरात होत्या? प्रत्येक वाहन किती दिवस बंद होते? मागणी नोंदवल्यापासून वाहन पोचेपर्यंत २० मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागला अशा खेपा किती, व त्या कोणत्या प्रभागांतील? ज्या बोळांत वाहन जाऊ शकत नाही त्यांची यादी केली आहे काय? असल्यास ती सभागृहाच्या माहितीसाठी ठेवावी."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. यादी केलेली नसेल तर "नाही" असं लेखी यावं लागतं, आणि तो "नाही" इतिवृत्तात कायमचा राहतो. पुढच्या सभेत सभासद प्रस्ताव द्यायला तोच आधार. प्रस्तावात एकच मागणी ठेवा: दर तीन महिन्यांनी हा तक्ता सभेपुढे यावा. अंदाजपत्रकाच्या आधी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, हे केलं तर घडीच्या स्ट्रेचरसाठी किंवा लहान गाडीसाठी रक्कम मागता येते. मार्च उलटला की वर्षभर "तरतूद नाही" ऐकावं लागतं.

माझ्या चुलत बहिणीची मुलगी इंग्लंडमध्ये लेस्टरला म्हाताऱ्यांच्या देखभालीचं काम करते. तिने सांगितलं तेव्हा मला तिकडचा हेवा वाटला. २००१ च्या कायद्याने तिथल्या कौन्सिलांच्या निवडून आलेल्या सदस्यांना आरोग्यसेवेची छाननी करायचा अधिकार मिळाला. रुग्णवाहिका कौन्सिलच्या नाहीत, राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या आहेत, तरी अधिकारी समितीपुढे येऊन बसतात आणि गाडी किती मिनिटांत पोचली ते सांगतात. जीव जायची वेळ असेल तिथे सरासरी ७ मिनिटं, पक्षाघातासारख्या दुखण्यात सरासरी १८ मिनिटं, असं माप. ते माप तिकडेही सारखं चुकतं. पण चुकलं हे भर सभेत सांगावं लागतं. आणि म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन करायची देखभाल तर कौन्सिलच्याच अंगावर असते.

आपल्याकडे १०८ ला महापालिकेपुढे यायची सक्ती नाही. पण महापालिकेला विशेष समित्या नेमता येतात, आणि आरोग्याच्या समितीने जिल्हा शल्यचिकित्सकांना माहिती घेऊन यायची विनंती करायला कुणाची आडकाठी नाही. सर्वसाधारण सभा राज्य सरकारकडे ठराव पाठवू शकते. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा नियोजन समितीत निवडून आलेले सदस्य असतात, तिथे रुग्णवाहिकांच्या पैशाचा विषय निघू शकतो. आमदार विधानसभेत तारांकित प्रश्न विचारू शकतात, आणि त्याचं उत्तर मंत्र्याला द्यावं लागतं. प्रत्येक वेळी प्रश्न तोच, फक्त पत्ता बदलायचा.

अंथरुणावरच्या माणसाचा हिशेब

गाडी अर्ध्या तासाचं काम करते. त्यानंतरची वर्षं घर काढतं, म्हणजे बहुतेक वेळा घरातली बाई. अम्माला कुशीवर वळवायला मला रात्रीत तीनदा उठावं लागायचं. पाठीला जखम होऊ नये म्हणून कुशी कशी बदलायची हे मला एका आशाताईने शिकवलं, ते काही तिच्या कामाच्या यादीत नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना घरी जाऊन बघणं हे राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात लिहिलेलं आहे. म्हणून तुमच्या नागरी आरोग्य केंद्राला विचारा: तुमच्या हद्दीत अंथरुणावरचे वृद्ध किती, यादी आहे का, गेल्या तीन महिन्यांत किती घरी भेटी झाल्या? यादी नसेल तर आपणच करून द्या. आम्ही दोन गल्ल्यांची करून दिली, वय, आजार, घरात कोण बघतं, एवढंच लिहून.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सरकारी दवाखान्यात वृद्धांसाठी वेगळी रांग आणि शक्य तिथे खाटा ठेवायचं म्हटलं आहे, आणि प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान १५० जणांचा वृद्धाश्रम असावा असंही. मुलं सांभाळत नसतील तर प्रांतांकडच्या, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या, न्यायाधिकरणात अर्ज करायचा. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल अपेक्षित, महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता. वकील लावायची गरज नाही. प्रांत कार्यालयाला माहितीच्या अर्जात विचारायचं ते हे: वर्षभरात अर्ज किती आले, नव्वद दिवसांत किती निकाली निघाले, आदेश होऊनही पैसे मिळाले नाहीत अशी प्रकरणं किती. एकटं माणूस अडचणीत दिसलं तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन.

संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या योजना तहसील कार्यालयाच्या. महिन्याला दीड हजार रुपये, दिव्यांगांना अडीच हजार. श्रावणबाळला वय ६५ हवं. इथे खरा प्रश्न मंजुरीनंतर सुरू होतो. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि पन्नास वर्षं विडी वळलेल्या बाईच्या बोटांच्या रेषाच उरलेल्या नसतात. आमच्या गल्लीतली एक मामी अंगठा यंत्रावर ठेवून बसलेली मी बघितली आहे. एकदा दाबला, पदराने पुसून पुन्हा दाबला, मग दुसरं बोट, मग तिसरं. यंत्र लाल दिवा दाखवत होतं. जिवंत माणूस समोर बसलेलं, आणि तीन महिन्यांचे पैसे अडकलेले. अशा वेळी डोळ्यांनी किंवा चेहऱ्याने ओळख पटवायची सोय मागा. विड्यांच्या पीएफच्या पेन्शनला मोबाइलवर चेहरा दाखवूनही हयातीचा दाखला काढता येतो. आणि तहसीलदारांना लेखी विचारा: बोटांचे ठसे न जुळल्यामुळे किती जणींचं अनुदान थांबलं, आणि किती जणींचा दाखला घरी जाऊन घेतला? एकेकीचा अर्ज न देता वीस जणींची यादी जोडा. एकीला उद्या या म्हणतात, वीस जणींच्या यादीवर सही करून पुढे पाठवावी लागते.

महापालिकेने आणि ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. पक्षाघाताने कायमचं अपंगत्व आलेल्या माणसाला प्रमाणपत्र मिळालं असेल तर तोही यात बसतो. या निधीचा जमा-खर्च प्रभागनिहाय मागा. चाकाची खुर्ची, हवेची गादी, चालायची काठी यांवर किती गेले आणि कार्यक्रमाच्या मांडवावर किती, ते तिथे दिसतं.

एकटीने जाऊ नका

लोकशाही दिन महापालिकेत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, तालुक्यात तिसऱ्या. ठरलेल्या नमुन्यात पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा लागतो, त्या दिवशी नुसतं जाऊन उभं राहिलं तर घेत नाहीत. तिथे मोठ्या साहेबांसमोर दोन मिनिटं मिळतात. त्या दोन मिनिटांत अम्माची गोष्ट सांगायची नाही. वहीतले तीन आकडे सांगायचे आणि मागणी एक.

शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, २००७ पासून गावांनी सरकारी आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख केली. सेवा कशी मिळते ते गावाने बसून ठरवायचं, लाल, पिवळा, हिरवा असा रंग द्यायचा, तो तक्ता लावायचा आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे ठेवायचा. आम्ही आमच्या दोन गल्ल्यांचा तसाच तक्ता करतो. मार्कंडेय जयंतीला नाहीतर शक्तिदेवीच्या पूजेला बायका एकत्र येतात, तेव्हा अर्धा तास वेगळा काढायचा. वाचता न येणाऱ्या बाईलाही लाल रंग कळतो.

आणि घराबाहेर एक काम आजच करा. बोळाच्या तोंडाशी, रस्त्यावरून दिसेल असा, घरनंबरांचा फलक लावा. बोळाची रुंदी टेपने मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आमचा बोळ सगळ्यात अरुंद जागी चार फूट दोन इंच. फोन करणाऱ्याने ते आधीच सांगायचं: गाडी आत येत नाही, अमुक चौकात थांबवा, आम्ही माणूस उभा करतो. चादरीवरून न्यायचंच झालं तर जाड चादर घ्या, कडा आतून गुंडाळून मूठ भरेल अशा धरा, डोक्याकडे दोघं, पायाकडे दोघं, आणि मधे दोन्ही बाजूंना एकेक. पडून मानेला किंवा पाठीला मार लागल्याची शंका असेल तर मात्र उचलू नका, गाडीतल्या माणसांना स्ट्रेचर घेऊन आत येऊ द्या.

गेल्या महिन्यात मामींच्या छातीत दुखायला लागलं. त्यांच्या नवव्या वर्षाच्या नातीने लिहिलेली ओळ माझ्यासमोर आहे: "फोन ५.१२, मम्मीचा मोबाइल. गाडी ५.२९. डॉक्टर होते. ऑक्सिजन होता. दवाखाना ५.५०. आत घेतलं ५.५८." ही ओळ आम्ही तक्त्यात हिरव्या रंगाने भरली. पुढच्या सोमवारी तीन वाजता त्या दिवशीचं लॉगबुक बघायला आम्ही चौघी जाणार आहोत.